रविराजच्या मापाचा ओटा

बनुआक्का आभार मानायला लागली की माणसाला पळून जावंसं वाटतं. विट्याहून येणारी एसटी वेळेवर आली तर ती ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन सांगते, "बरं झालं बाबा, आणलीस." एसटी उशिरा आली तरी हेच सांगते, कारण आली हे काय थोडं झालं? गेलेली लाईट परत आली की बल्बाला हात जोडते. आमचा वायरमन तिच्या दारावरून जाताना मोटारसायकलचा वेग वाढवतो. त्याला वाटतं, बाई टोमणा मारतेय. पण टोमणा नसतो, हीच खरी अडचण आहे. टोमण्याला उत्तर देता येतं. आभाराला काय देणार?

बरं, नशिबानं तिला आभार मानण्याजोगं भरभरून दिलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. चालायला नुकती लागली होती तेव्हा तिला पोलिओ झाला. ताप आला आणि जाताना डाव्या पायातली ताकद घेऊन गेला. यावर बनुआक्काचं म्हणणं एवढंच, की "उजवा ठिवला की." डावा हात डाव्या गुडघ्यावर दाबायचा, पाऊल टाकायचं, पुन्हा दाबायचं, अशी ती जन्मभर चालत आली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई दर पावलाला आपल्या गुडघ्याला शाबासकी देतेय.

तिचे यजमान लालासाहेब फौजेतून हवालदार होऊन आले. नोकरीत असताना मुलगी बघायला गेले तेव्हा तिकडच्या मंडळींनी तिला आधीच पाटावर बसवून ठेवलेलं, आणि काही केल्या उठू देईनात. लालासाहेबांना सगळं ठाऊक होतं. ते म्हणाले, "पळायचं काम मी करतोच की फौजंत. घरातल्या दोघांनी पळून कुठं जायचंय?" आमच्या वाडीत इतकं प्रेमळ बोलणं त्याआधी कुणी केलेलं नव्हतं, आणि त्यानंतर लालासाहेबांनीही केलं नाही.

बनुआक्काचं राज्य जमिनीवर होतं. डावा पाय सरळ पसरलेला, उजवा दुमडलेला, पुढ्यात काठवट, पलीकडं चूल, एका हाताला पिठाचा डबा, दुसऱ्या हाताला पाण्याचा तांब्या. पायलटला जशी सगळी बटणं बसल्या जागी सापडतात तशी तिला मीठ-मिरचीपासून फुंकणीपर्यंत सगळं हाताशी सापडायचं. दारात चार माणसं आली काय आणि चौदा आली काय, भाकऱ्यांची चवड वाढत राहायची. तेव्हा तिच्या पायात काही उणं आहे हे कुणाच्या ध्यानातही नसायचं. बसलेली बनुआक्का आणि उभी बनुआक्का या दोन वेगळ्या बायका होत्या. पहिलीला आम्ही भीत होतो, दुसरीला रस्ता देत होतो.

मग तिच्या मुलानं, रविराजनं, तिला उभं केलं.

आमच्या भागात मुलगा शाळेतून सुटला की एक तर फौजेत जातो, नाहीतर गलाईला. गलाई म्हणजे सोनारांचं जुनं सोनं भट्टीत वितळवून चोख करून देण्याचा धंदा. भारतातल्या कुठल्याही शहरात सोनारगल्लीत शिरा आणि "विट्याचं कोण हाय काय?" म्हणून विचारा, चहा मिळेल. रविराज कोईमतूरला मामाच्या दुकानात राहिला, भट्टीपुढं भाजून निघाला आणि पुढं स्वतःचं दुकान टाकलं. अशा दुकानांत पोरं पाळीपाळीनं स्वयंपाक करतात. रविराज तिथं ओट्यापाशी उभा राहून भाकरी थापायला शिकला, आणि चांगली थापायला शिकला. तेव्हाच त्यानं मनाशी ठरवलं होतं, की आईनं धुरात जन्म काढलाय, आता तिला खाली बसू द्यायचं नाही.

हात सैल झाल्यावर तो गावी आला आणि पहिलं काम केलं ते जुनं स्वयंपाकघर पाडायचं. काळा कुळकुळीत ग्रॅनाईटचा ओटा ठरला. हरिबा गवंड्यानं विचारलं, "उंची किती धरू?" रविराज ताठ उभा राहिला आणि कमरेच्या वर हात लावून म्हणाला, "इथवर."

रविराज सहा फूट उंच आहे. बनुआक्का त्याच्या शर्टाच्या खिशापर्यंत येते, तीसुद्धा गुडघ्यावरचा हात काढला तर. ती तिथंच दारात उभी होती. तरी हरिबानं टेप लावला तो रविराजला, आणि यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. देणाऱ्याच्या मापानं वस्तू करायची आणि घेणाऱ्यानं तिच्यात मावायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. आहेराची साडीसुद्धा आम्ही देणारीच्या आवडीची घेतो.

ओटा झाला आणि वाडीतल्या बाया बघायला आल्या. दगड इतका चकचकीत, की शेजारच्या मंगलनं त्यात बघून कुंकू सारखं केलं. बनुआक्का प्रत्येकीला चहा देत होती, उभी राहून. मग संध्याकाळच्या भाकऱ्या केल्या, उभी राहून. दुसऱ्या दिवशीही तेच. तिची छाती दगडाला टेकायची, खांदे कानापाशी यायचे आणि सगळा भार त्या एकट्या उजव्या पायावर. पण ज्या ओट्यासाठी पोरानं भट्टीपुढं अंग भाजून घेतलं तो सोडून खाली कसं बसायचं? आणि रोज दिवेलागणीला त्याचा व्हिडिओ कॉल यायचा.

"आई, ओटा कसा हाय?"

"लय झ्याक हाय. आरसा हाय नुसता."

"दमत न्हाईस न्हवं?"

"त्यात दमायचं काय?"

वर्ष सरेपर्यंत मात्र बनुआक्का दुपारलाच संपायला लागली. सकाळी पूर्ण चार्ज केलेला मोबाईल जेवायच्या वेळेला लाल दाखवावा तसं. डाव्या पायात जुनी कळ उठायची, आणि ज्याच्यावर जन्म काढला तो उजवाही थरथरायला लागला. थंडीत डावा पाय असा गार पडायचा, की लालासाहेब म्हणायचे, "फ्रीजमधनं काढून जोडलाय जणू." एकदा तवा उतरवताना ती ओट्याखाली बसली ती बसलीच. तवा कुठल्या कुठं. नशीब, भाजली नाही. आणि हे "नशीब भाजले न्हाई" तीच पुढं चार दिवस सगळ्यांना सांगत होती.

लालासाहेबांनी निदान केलं. फौजेत सगळ्या दुखण्यांना एकच निदान असतं.

"मसल ढिलं पडल्यात. पीटी करायला पायजे."

झालं. रोज सकाळी माळवदावर बनुआक्काची परेड सुरू झाली. कठड्याला धरून पाय वर, पाय नीचे, एक-दो, एक-दो. आम्हाला शेजारी गजराची गरज उरली नाही. बनुआक्का घामाघूम होऊन खाली यायची आणि नवऱ्याला म्हणायची, "एवढं कोण करतंय वं बायकोचं?" खरंच कुणी करत नाही. पण पाय जितका थकायचा तितका लालासाहेब व्यायाम वाढवायचे, आणि व्यायाम वाढला की पाय आणखी थकायचा. दिवाळीला ती भिंतीला धरून चालायला लागली.

पोलिओ परत आला, असं तिच्या मनानं घेतलं. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. रविराज एकदा फोनवर म्हणून गेला होता, "आई, जरा जरी दमल्यागत वाटलं तर सांग. हिकडं न्हेतो. चौथ्या मजल्यावर फ्लॅट हाय, लिफ्ट हाय, संयोगिता हाय. तू कायसुदीक करू नको." संयोगिता म्हणजे सून, गुणाची पोर. लिफ्टबद्दलही काही तक्रार नव्हती. पण "कायसुदीक करू नको" हे तीन शब्द बनुआक्कानं झोपेतही ऐकले असतील. दमते म्हणावं तर चूल, दार, वाडी सगळं सुटणार. नाही म्हणावं तर पाय सुटणार. तिनं नवऱ्याला बजावलं, "रविराजला कळता कामा न्हाई." लालासाहेब म्हणाले, "सरहद्दीवरची गोष्ट ठिवलीय पोटात, ही काय घिऊन बसलीस."

शेवटी मीच म्हटलं, सांगलीला दाखवू. आधी रक्त झालं, एक्स-रे झाले, नसांची तपासणी झाली. दुसरा काही आजार निघाला नाही, तेव्हा आम्हाला फिजिओथेरपीच्या डॉक्टर प्रियदर्शनी चौगुले यांच्याकडं पाठवलं. हसऱ्या बाई. त्यांनी बनुआक्काचे दोन्ही पाय हातात घेऊन, दाबून, उचलायला लावून, सावकाश तपासले.

"पोलिओ परत आलाय न्हवं?" बनुआक्कानं विचारलं.

"नाही हो आक्का, तो कधीच गेला. त्याच्यामागं राबणारे दमलेत." बाईंनी समजावलं, की लहानपणी पोलिओनं पायाकडं जाणाऱ्या पुष्कळ नसा मारल्या. ज्या वाचल्या त्यांनी मेलेल्यांचंही काम अंगावर घेतलं. "एका मोटरीनं शेजारच्या रानाचंही पाणी इतकी वर्षं ओढलं, असं समजा. आता ती तापतेय. याला पोस्ट-पोलिओ म्हणतात. पुष्कळांना होतं, अशा वयात."

"औषध?"

"बरं करणारी गोळी नाही. पण मोटर जपून चालवली तर अजून पुष्कळ चालते. दिवसभर काय काय करता ते सांगा."

बनुआक्काच्या आधी लालासाहेबच उठले आणि सकाळच्या पीटीचं सविस्तर वर्णन केलं. मधे एक-दोन प्रात्यक्षिकंही झाली. बाई ऐकत राहिल्या.

"हे कोण करून घेतं?"

लालासाहेबांना प्रश्नाचा सूर कळला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या कामगिरीचं श्रेय घ्यायला वेळ लावला. "मीच," ते म्हणाले.

"तुमच्यामुळं त्या इथवर आल्या, ते बरंच झालं. पण दमलेल्या माणसाला अजून पळवायचं नसतं. थोडा व्यायाम मी सांगेन, तेवढाच. आणि नियम एकच, दमल्यावर नाही, दमायच्या आधी बसायचं."

"म्हंजे विश्राम," लालासाहेब म्हणाले. "सावधान झाल्यावर विश्राम हुतोच की."

"अगदी. ती ऑर्डर तुम्ही द्यायची."

लालासाहेबांच्या चेहऱ्यावर रंग परतला. मग बाईंनी पायात घालायचा हलका प्लास्टिकचा आधार लिहून दिला, हातात काठी सांगितली, थंडीत लोकरीचे मोजे सांगितले, आणि विचारलं, "स्वयंपाक कसा करता?" मी मोबाईलमधला वास्तुशांतीचा फोटो दाखवला. ओट्याच्या पलीकडच्या टोकाला बनुआक्का, ओट्यावर आरती. फोटोत आक्काची मान आणि डोकं तेवढं दिसत होतं, नैवेद्यातच मांडल्यासारखं.

"ओटा कुणाच्या मापाचा?"

"पोराच्या," बनुआक्का अभिमानानं म्हणाली.

"मग पोरानंच त्याच्यावर भाकऱ्या कराव्यात. तुम्ही हात असलेल्या खुर्चीवर बसून करायच्या. जमिनीवर नको, उठताना उजवा पाय मरतो. खुर्चीच्या उंचीचा ओटा करून घ्या."

परतीची एसटी धरली. तासगाव गेलं तेव्हा बनुआक्का म्हणाली, "ओट्याला हात लावायचा न्हाई." लालासाहेब म्हणाले, "बरं."

तरी डॉक्टरांची ऑर्डर मोडणं त्यांच्या रक्तात नाही. म्हैस विकल्यापासून गोठा मोकळाच होता. चार दिवस तिथून ठोकल्याचे आवाज येत राहिले. लालासाहेबांनी विटांचा कट्टा रचला, त्यावर चूल घातली, समोर हाताची खुर्ची, पाय पसरायला खाली मोकळी जागा, बाजूला आडोसा. शत्रूच्या विमानालाही दिसला नसता असा स्वयंपाकघराचा बंकर. बनुआक्का तिथं बसली आणि पहिल्यासारखी भाकऱ्यांची चवड वाढायला लागली. मधेच आवाज यायचा, "विश्राम." की ती हात पुसून मागं टेकायची. मोजे, काठी, दुपारची झोप, सगळं सुरू झालं. महिन्याभरात भिंत सुटली.

दिवेलागणीला मात्र ती घरात जायची, ओट्यापाशी उभी राहायची आणि मोकळ्या तव्याशेजारी उलथणं हातात धरून म्हणायची, "ही बघ, आत्ताच भाकरी उतरवली." फोन ठेवला की परत गोठ्यात. लालासाहेब दारात पहाऱ्याला असायचे.

रविराज आला तो न सांगता. विट्याला कुणाचा तरी साखरपुडा होता, म्हणाला आईला गाठून अचंबित करावं. सकाळी घरात शिरला तर ओटा लखलखीत, गॅस गार, आणि घरात कुणी नाही. वास मात्र भाकरीचा. वासामागं गोठ्यात आला. समोर आई, डोळे चोळत, धुरात. म्हणजे ज्यातून तिला काढायचं म्हणून तो इतकी वर्षं राबला, त्यातच. लालासाहेब सावधान उभे राहिले.

"हे काय?" रविराज म्हणाला.

"भाकरी," बनुआक्का म्हणाली.

"ते दिसतंय मला. हितं का?"

"ऑर्डर हाय," लालासाहेब म्हणाले.

"कुणाची?"

"सांगलीच्या डॉक्टरीणबाईंची."

"डॉक्टरीणबाईंनी म्हशीच्या गोठ्यात सैपाक कर म्हणून सांगितलं?"

"म्हैस इकली, रं," लालासाहेब म्हणाले. जणू आक्षेप म्हशीला होता.

रविराज गव्हाणीवर बसला. मग म्हणाला, "आवडला न्हवता तर सांगायचं हुतंस, आई."

"आवडला न्हाई कोण म्हणतंय? आवडला म्हणून तर सांगितलं न्हाई." तिनं तव्यावरची भाकरी काढली, आणि मग सगळं सांगितलं. पाय, माळवदावरची परेड, सांगली, मोटर. शेवटी म्हणाली, "मी दमते म्हणले असते तर तू न्यायला आला असतास."

"आलोच असतो."

"मग तितं मी काय केलं असतं?"

"कायसुदीक न्हाई."

"तेच की."

रविराज उठला, आईचा हात धरून तिला घरात घेऊन गेला आणि ओट्यापाशी उभं केलं. दगडाची कड तिच्या छातीशी लागली ती त्यानं बघितली. ओटा बांधल्यापासून त्याला ती फोनच्या चौकोनातच दिसत होती, आणि फोनच्या चौकोनात सगळीच माणसं सारख्या उंचीची असतात. मग त्यानं एक कारभार केला तो मी खिडकीतून पाहिला, म्हणून सांगतो. काठवट ओट्यावर ओढली, पीठ घेतलं, गुडघे वाकवून आईएवढा झाला, डावा पाय अधांतरी उचलला आणि भाकरी थापायला लागला. सहा फुटांचा बाप्या, ओटा हनुवटीखाली, एका पायावर. अर्धी भाकरी झाली नाही तोवर मांडी लटलट कापायला लागली आणि तो पिठासकट खाली बसला.

"तू किती येळ हुबी ऱ्हायाचीस?"

"सैपाक हुस्तवर," बनुआक्का म्हणाली.

त्यानं कपाळावरचं पीठ पुसलं आणि हरिबाला फोन लावला.

हरिबा छिन्नी घेऊन आला खरा, पण दगडाला हात लावीना. "कापायचा? गड्या, पाहुणे रावळे येऊन वाखाणून गेल्यात ह्या ओट्याला."

"निम्मा काप. निम्मा ठिव."

"मग कापलेल्या अंगाची उंची किती धरू?"

"मला काय इचारतोस? तिला इचार."

हरिबानं जन्मात शंभरएक ओटे घातले असतील, पण बाईला माप विचारायची वेळ कधी आली नव्हती. टेप हातात घेऊन तो भिंतीकडं बघत उभा राहिला. बनुआक्का खुर्चीवर बसली, डावा पाय पुढं पसरला, पदर खोचला आणि हवेतच भाकरी थापायला लागली. दोन-चार थापा मारून हात थांबवले. "हितं," ती म्हणाली. हरिबानं तळव्याखाली टेप धरला.

रविराज साखरपुडा उरकून लगेच निघणार होता, तो ओटा होईपर्यंत राहिला. आता तुम्ही त्या घरात गेलात तर एकाच भिंतीला दोन ओटे दिसतील, एक उंच, एक बुटका, मधे पायरी. बाया पुन्हा बघायला आल्या. मंगलनं उंच ओट्यात बघून कुंकू सारखं केलं आणि बुटक्यावर टेकून चहा घेतला. पाय म्हणाल तर तो काही तरणा झालेला नाही. होणारही नाही, असं चौगुलेबाईंनी स्पष्ट सांगितलंय. मिरजेहून आलेला प्लास्टिकचा आधार चपलेत बसवायला रोज खटपट असते. पण आहे तो पाय आहे तिथं टिकून आहे, आणि ती तिच्या दारात आहे.

नव्या ओट्यावर पहिल्या दिवशी भाकऱ्या केल्या तेव्हा मी तिथंच होतो. बनुआक्का खुर्चीवर, पाय पसरून, हात झरझर चाललेले. चवड निम्म्यावर आली असेल नसेल, तिनं हात थांबवले. अंगणातून लालासाहेबांची ऑर्डर अजून आलेली नव्हती. तिनं तळहात बघितले, काठवट उचलून पलीकडच्या उंच ओट्यावर सरकवली आणि लेकाला म्हणाली, "ऱ्हायलेल्या तू कर. मी दमायच्या आधी थांबतीया."

रविराजनं बाह्या सारल्या. त्याच्या मापाचा ओटा, त्याला काय लागतंय? भाकरी अशी टम्म फुगली, की बनुआक्का मान वाकडी करून बघत राहिली. त्यानं ती तिच्या ताटात टाकली, वर दही, शेंगदाण्याची चटणी. सगळी जेवायची राहिलेली, आणि ती बसल्या जागी गरम भाकरी मोडून खायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

लालासाहेब दारात आले. "आन् मला?"

"थांबा वाईच," घास तसाच गालात धरून बनुआक्का म्हणाली. "आत्ता माझं चाललंय."